चीनमधले मिशनरी: अटी कोणाच्या होत्या?

चीनमधल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांची आठवण आपल्याकडे सहसा चीनसाठी निघत नाही. धर्मांतराचा वाद पेटला की दोन्ही बाजूंना चीन आठवतो. एक बाजू सांगते, चिनी सम्राटांनी पाद्र्यांना कसे वठणीवर आणले बघा. दुसरी सांगते, त्याच पाद्र्यांनी चीनला युक्लिडची भूमिती दिली, दुर्बीण दिली, जगाचा नकाशा दिला. पहिलीच्या लेखी मिशनरी म्हणजे तोफांपुढे चालणारा हेर, दुसरीच्या लेखी ज्ञानदान करायला आलेला गुरुजी. दोन्ही चित्रांतला चिनी माणूस मात्र ढिम्म बसलेला आहे. जे काही करतो ते पाद्रीच करतो. वादाची पहिली खोट इथे आहे.

मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचाच होता. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्यांनी स्वतः ते कधी लपवलेही नाही. पण हेतू सिद्ध झाला म्हणून इतिहासाचा निकाल लागत नाही. हेतू तीनशे वर्षे तोच राहिला, परिणाम मात्र दर पन्नास वर्षांनी बदलत गेले. मग ते हेतूमुळे बदलले असे कसे म्हणायचे? पाहायला हवे ते एवढेच की व्यवहाराच्या अटी कोण ठरवत होते. १५८३ पासून सुमारे १७०५ पर्यंत त्या बहुतांशी चिनी दरबार आणि चिनी विद्वान ठरवत होते, आणि खरी देवाणघेवाण झाली ती त्याच काळात. पुढे त्या अटींवर आधी रोमने हात ठेवला, शतकभराने आरमाराने.

हे तपासायला आपल्या दाराशीच एक उदाहरण आहे. १५७८ साली लिस्बनहून निघालेल्या एकाच ताफ्यातून मातेओ रिची आणि रोदोल्फो आक्वाव्हीवा हे दोन तरुण इटालियन जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशू संघाचे पाद्री, गोव्यात उतरले. संघ एक, शिक्षण एक, वयातही फार अंतर नाही. आक्वाव्हीवा अकबराच्या दरबारात गेला, तिथे तीन वर्षे वादविवाद केले आणि बादशहा काही बाटत नाही म्हणून परतला. मग त्याला गोव्यातल्या साष्टीत नेमले. तिथे पोर्तुगीज सैन्याच्या जोरावर देवळे पाडली गेली होती, पाठीशी इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय होते. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या लोकांनी आक्वाव्हीवासह पाच जेझुइटांना मारले. त्याचा सूड म्हणून गावच्या पुढाऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात रिची आणि मिकेले रुज्जिएरी क्वांगतुंग प्रांतातल्या चाओचिंग गावी तिथल्या अधिकाऱ्याकडे घरापुरती जागा मागत होते. डोकी भादरलेली, अंगावर बौद्ध भिक्षूंचे झगे. पाठीशी एकही तोफ नाही. सहा वर्षांनी नवा सुभेदार आला, त्याला घर आवडले आणि त्याने पाद्र्यांना गावाबाहेर काढले. यांनी निमूट सामान बांधले आणि पुढच्या गावी नव्याने सुरुवात केली.

एका ताफ्यातून आलेल्या दोघांपैकी एक चांगला आणि दुसरा वाईट, असे कोणी म्हणेल का? साष्टीत मिशनऱ्याला कोणाला पटवण्याची गरज नव्हती, चाओचिंगमध्ये पटवल्याखेरीज रात्रीचा निवारा नव्हता.

यावर फादर थॉमस स्टीफन्सचे नाव पुढे येईल. येऊ द्या. त्याच साष्टीत त्याने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले, १६१६ साली ते रायतूरला छापले गेले, आणि त्याचे मराठीवरचे प्रेम अस्सल होते. म्हणजे सत्तेच्या छायेतही काही उगवते. पण त्याचे पुढे काय झाले? १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तो अडवायला ना दरबार होता, ना विद्वानांचा वर्ग. चीनमध्ये असा हुकूम काढण्याची ताकद कोणत्याही पाद्र्यात नव्हती.

आता प्रत्यक्ष काम कसे चाले ते पाहू. १६०७ साली पेकिंगमध्ये युक्लिडच्या पहिल्या सहा पुस्तकांचे चिनी भाषांतर छापले गेले. रिचीपुढे त्याचे रोममधले गुरू क्लाव्हियस यांची लॅटिन प्रत होती. तो वाचून तोंडी अर्थ सांगे, आणि शू ग्वांगची हा शांघायचा विद्वान हातात कुंचला घेऊन तो शास्त्रशुद्ध चिनीत उतरवे. अडले की दोघे मागे जात, सिद्धता पुन्हा मांडून बघत, मसुदा पुन्हा लिहीत. ही रीत युरोपची नव्हे. पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीव छांगआनमध्ये बौद्ध सूत्रे सांगे आणि चिनी पंडित ती लिहून घेत. परदेशी ग्रंथ पचवण्याची हजार वर्षे वापरातली ही व्यवस्था शूने काढली आणि तिच्यात युक्लिड बसवला. पुस्तकावर दोघांची नावे आहेत. शूला उरलेला ग्रंथही लगेच हवा होता. रिचीने थांबवले, म्हणाला, आधी एवढ्याचा उपयोग काय होतो ते बघू. उरलेली नऊ पुस्तके यायला १८५७ साल उजाडले. ती अलेक्झांडर वायली या प्रोटेस्टंट मिशनऱ्याने आणि गणिती ली शानलान याने शांघायला, त्याच रीतीने पुरी केली.

शू स्वतः ख्रिस्ती झाला होता, त्यामुळे हा तर त्यांचाच माणूस, असा आक्षेप येतो. पण त्याचा आयुष्यक्रम बघा. १६०४ साली तो सर्वोच्च राजपरीक्षा उत्तीर्ण झाला. रताळ्याच्या लागवडीवर लिहिले, शेतीचा प्रचंड ग्रंथ रचला, मांचूंविरुद्ध पोर्तुगीज तोफा मागवण्यासाठी दरबारात झगडला. मिंग राज्य मोडकळीला आले आहे आणि ते सावरायला जे सापडेल ते वापरले पाहिजे, ही त्याची तळमळ. पाद्री त्याला वापरत होते तसा तोही पाद्र्यांना वापरत होता. बरोबरीच्या व्यवहारात हे असेच चालते.

पंचांगाचे प्रकरण तर याहून बोलके आहे. चीनमध्ये पंचांग सम्राटाच्या नावाने निघे. ग्रहण चुकले तर सम्राटाच्या स्वर्गदत्त अधिकाराला बट्टा. मिंग काळचे पंचांग मुळात १२८१ च्या गणितावर चालत होते, तीनशे वर्षांत चूक साचत गेली होती. २१ जून १६२९ च्या सूर्यग्रहणाला जुनी पद्धत आणि दरबारातली मुसलमानी पद्धत अशी दोन्ही गणिते चुकली, शूने पाश्चात्त्य पद्धतीने केलेले बरोबर आले. तेव्हा कुठे सम्राटाने सुधारणेची कचेरी उघडली. योहान श्रेक, आदाम शाल आणि जाकोमो रो हे जेझुइट तिथे चिनी गणितज्ञांबरोबर बसले, आणि पाच-सहा वर्षांत १३७ खंडांचा संग्रह तयार झाला. वर्तुळाचे ३६५¼ अंशांऐवजी ३६० अंश झाले, दिवसाचे १०० भाग होते ते ९६ झाले.

विरोधही याच मुद्द्यांवर झाला. १६६४ मध्ये यांग ग्वांगश्यान या कर्मठ पंडिताने शालवर राजद्रोहाचा खटला भरला. शालला देहान्ताची शिक्षा झाली; पेकिंगला भूकंप झाला, दरबार हादरला आणि तो म्हातारा सुटला. त्याचे पाच चिनी ख्रिस्ती सहकारी मात्र सुटले नाहीत, त्यांची मुंडकी उडवली गेली. मिशनऱ्यांच्या हौतात्म्याची वर्णने खूप होतात, या पाच खगोलज्ञांचे नाव कोणी काढत नाही. चार वर्षांनी तरुण कांगशी सम्राटाने वाद मिटवला तो साध्या कसोटीने: उभ्या खांबाची सावली माध्यान्ही नेमकी कुठे पडेल हे आदल्या दिवशी सांगा. डिसेंबर १६६८ मध्ये तीन दिवस फर्डिनांड व्हर्बीस्ट या जेझुइटाची खूण बरोबर आली, विरोधकांची चुकली. मग तपासताना १६६९ च्या छापून वाटलेल्या पंचांगात एक अधिक महिना चुकीचा घातलेला सापडला. सम्राटाच्या नावाने निघालेला महिना रद्द करायचा म्हणजे केवढी नामुष्की; पण तो रद्द झाला. पंचांगशुद्धीवरून महाराष्ट्रात किती शाई सांडली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निर्णयाचे वजन कळेल. परक्याचे गणित स्वीकारले गेले ते तो परका होता म्हणून नव्हे की ख्रिस्ती होता म्हणून नव्हे. दरबाराने स्वतः कसोटी ठरवली आणि तिला ते उतरले.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. जेझुइटांनी चीनला जे खगोलशास्त्र दिले ते शिळे होते. १६१६ मध्ये रोमने कोपर्निकसचे मत निषिद्ध ठरवले. त्यामुळे पेकिंगमध्ये शिकवली गेली ती टायको ब्राहे या खगोलज्ञाची मधली वाट: पृथ्वी स्थिर, सूर्य तिच्याभोवती आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. श्रेक तर गॅलिलिओच्या अकादमीचा सभासद होता. त्याने ग्रहणगणिताची मदत मागितली तेव्हा गॅलिलिओने दाद दिली नाही, केपलरने उत्तर पाठवले. म्हणजे युरोपात काय चालले आहे हे माहीत असणारी माणसे होती. १६७३ मध्ये व्हर्बीस्टने पेकिंगच्या वेधशाळेत बसवलेली सहा भव्य कांस्य यंत्रे सुबक होती, त्यांना चिनी ओतकामाचे ड्रॅगन होते, पण त्यांवर दुर्बीण नव्हती. युरोपात तोवर त्या घडणीची यंत्रे मागे पडत चालली होती. मिशेल बनुआ या जेझुइटाने कोपर्निकसचा सिद्धान्त छिएनलुंग सम्राटापुढे उघडपणे मांडला तो १७६० च्या सुमारास. दीडशे वर्षांची ही दिरंगाई धर्मसत्तेमुळे झाली, हा आरोप मला मान्य आहे, कसलीही सारवासारव न करता.

पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? पाद्र्यांनी फसवले, एवढाच? मग असाही प्रश्न विचारा की या दीडशे वर्षांत लॅटिन शिकून मूळ ग्रंथ स्वतः वाचणारा गणिती चिनी दरबाराने का घडवला नाही? मेई वनतिंगसारखा अव्वल गणिती पाश्चात्त्य ग्रंथांतल्या विसंगती अचूक पकडत होता, आणि तरीही त्याचा सगळा आधार पाद्र्यांनी निवडून दिलेल्या चिनी मजकुरावर होता. पुरवठादार एकच असला की तो देईल ते घ्यावे लागते. अटी हाती असूनही चिनी बाजूने ही एक अट घातली नाही, आणि ती चूक महागात पडली.

उलट दिशेने काय गेले, हे दोन्ही बाजू विसरतात. प्येर जार्तू हा जेझुइट सम्राटाच्या नकाशासाठी मांचुरियात मोजणी करत होता. तिथे त्याला जिनसेंग दिसले. १७११ मध्ये त्याने चित्रासह वर्णन पाठवले आणि लिहिले की असेच हवामान असलेल्या कॅनडातही हे असावे. १७१६ मध्ये लाफितो या मिशनऱ्याला ते माँट्रियलजवळ खरेच सापडले, आणि कॅनडाचे जिनसेंग जहाजे भरून कँटनला येऊ लागले. ज्या मोजणीत जार्तू होता ती १७०८ ते १७१८ अशी चालली. साम्राज्यभर साखळ्या टाकून, २०० ली (अंतराचे चिनी माप) म्हणजे अक्षांशाचा एक अंश असे प्रमाण धरून नकाशा झाला. तो पेकिंगच्या राजवाड्यात गुपित राहिला. पॅरिसला मात्र त्याच्या प्रती पोचल्या आणि १७३० च्या दशकात छापून विकल्या गेल्या. आपल्याच देशाचा सर्वांत अचूक नकाशा चिनी वाचकापेक्षा फ्रेंच वाचकाला आधी मिळाला.

चिनी मातीच्या भांड्यांचे तर सरळ सरळ औद्योगिक हेरगिरीचे प्रकरण. फ्रान्स्वा झाव्हिए दान्त्रकोल हा फादर चिंगतचेनच्या भट्ट्यांजवळ राहत असे. त्याच्या मंडळीतले ख्रिस्ती कारागीर त्याला सांगत, तो स्वतः बघे, आणि १७१२ व १७२२ च्या पत्रांतून सारे पॅरिसला कळवे. दगड कुटून पूड करायची, मोठ्या रांजणात पाण्यात ढवळायची, वर तरंगणारी साय काढून दुसऱ्या भांड्यात निवळू द्यायची, खाली राहिलेला चोथा पुन्हा कुटायचा; निवळलेला लगदा साच्यात घालून विटा पाडायच्या. हे झाले पेतुन्त्से. काओलिन ही दुसरी माती, न वितळणारी. उत्तम मालाला दोन्ही समसमान, मध्यमाला चार भाग काओलिनला सहा भाग पेतुन्त्से, हलक्याला एकास तीन. काओलिन कमी पडले तर भट्टीत भांडे बसते, कारण सांगाड्याचे काम तेच करते. एका भांड्याला सत्तर जणांचे हात लागतात, हेही त्याने लिहिले. ज्यांच्या हातांत ही विद्या होती त्यांपैकी एकाही कारागिराचे नाव त्या पत्रांमुळे जगाला कळले नाही. मिशनरी फक्त देणारे होते असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र एकदा वाचावे.

मग हे सगळे मोडले कशाने? पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे धूप लावणे आणि कन्फ्यूशियसला वाकून नमस्कार करणे हे रिचीने नागरी आचार मानले होते. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संघांनी ती मूर्तिपूजा ठरवली. वाद पन्नासहून जास्त वर्षे भिजत पडला. रोमने १६४५ मध्ये एक सांगितले, १६५६ मध्ये दुसरे, आणि १७०४ मध्ये कायमची मनाई केली. या वादासाठी चीनकडे निघालेला पोपचा प्रतिनिधी तूर्नों वाटेत पाँडिचेरीला थांबला होता. तिथेही त्याने तमिळ ख्रिस्त्यांच्या रूढींवर असाच हुकूम काढला, ज्या रूढींना नोबिली या जेझुइटापासून मदुराई मिशनने जागा दिली होती. कांगशीने पेकिंगमध्ये तूर्नोंची भेट घेतली. वीसेक वर्षे चीनमध्ये राहिलेला बिशप मेग्रो याला त्याने पुढे समोर बोलावले, आणि सिंहासनावरची चार अक्षरे त्या बिशपला धड वाचता येईनात. ज्याला आमची अक्षरे येत नाहीत तो आमच्या आचारांचा अर्थ ठरवणार? सम्राटाचा संताप रास्तच होता. त्याने परवाना सुरू केला: रिचीचा मार्ग पाळेन आणि युरोपला परतणार नाही, असे जो लिहून देईल तोच राहील. १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारा सम्राट तो हाच, हे विसरू नये. १७१५ आणि १७४२ मध्ये रोमने मनाई आणखी आवळली, मधे १७२४ मध्ये युंगचंग सम्राटाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १९३९ मध्ये व्हॅटिकनने तेच आचार नागरी असल्याचे मान्य केले.

माझ्या मांडणीवरचा खरा आक्षेप इथे येतो. १७२४ नंतरही दरबारातल्या पाद्र्यांवर हुकमत चिनी सम्राटाचीच होती. मग देवाणघेवाण का आटली? कारण ती राजवाड्याच्या भिंतीआड गेली. कास्तिल्योने या जेझुइट चित्रकाराची चित्रे, बनुआची कारंजी, घड्याळांची दुरुस्ती. पेकिंगजवळच्या युआनमिंगयुआन या शाही बागेत बारा प्राण्यांची तोंडे दोन-दोन तासांनी पाणी उडवत आणि दुपारी बाराला सगळी एकदम. काम अफलातून, पण बघणारा एकटा सम्राट. बंदीमुळे शू ग्वांगचीसारख्या गृहस्थाने पाद्र्याबरोबर मांडी घालून बसण्याची सोय राहिली नव्हती. तेव्हा अटी कोणाच्या, एवढ्यावर भागत नाही. समोर बसणारा विद्वानही लागतो.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तिथे मला फारसे कोडे दिसत नाही. दवाखाने, शाळा, पाय बांधण्याच्या रूढीविरुद्धची चळवळ, हे सगळे खरे आणि मोलाचे आहे. पण १८३२ मध्ये गुट्सलाफ हा प्रोटेस्टंट मिशनरी अफूच्या जहाजावर दुभाष्या म्हणून किनाऱ्याने फिरला आणि त्याच फेरीत धर्मपत्रके वाटली. चिनी किनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या अफूपैकी माळव्याचा माल आपल्या मुंबई बंदरातून जाई, त्यामुळे या पापात आपल्या शहराचाही वाटा आहे. १८६० च्या पेकिंग कराराच्या चिनी मसुद्यात दलामार या फ्रेंच मिशनऱ्याने दुभाष्या म्हणून काम करताना एक वाक्य घुसवले: मिशनऱ्यांना सर्व प्रांतांत जमीन घेता येईल, घरे बांधता येतील. फ्रेंच मसुद्यात ते नव्हतेच. त्या एका वाक्यातून पुढची चाळीस वर्षे गावोगाव जमिनीचे खटले उभे राहिले. ख्रिस्ती पक्षकाराच्या मागे पाद्री, पाद्र्याच्या मागे वकिलात, वकिलातीच्या मागे युद्धनौका. १८९९ मध्ये कॅथलिक बिशपांना सुभेदाराच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, आणि पुढच्याच वर्षी परकीय आणि ख्रिस्ती यांच्याविरुद्धचा बॉक्सर उठाव पेटला. ते बंड चिरडून जर्मन फौजांनी पेकिंगच्या वेधशाळेतली यंत्रे पोट्सडामला नेली, त्यांत व्हर्बीस्टचीही होती. ती परत करण्यासाठी व्हर्साय तहात वेगळे कलम घालावे लागले, १३१ वे.

तरी या काळातही जिथे दोन माणसे एका टेबलाशी बसली तिथे टिकाऊ काम झाले. वायली आणि ली शानलान यांचा उल्लेख आलाच. हाँगकाँगला जेम्स लेग या मिशनऱ्याने चिनी अभिजात ग्रंथ इंग्रजीत आणले, तेव्हा १८६२ पासून वांग ताओ हा चिनी विद्वान त्याच्यासाठी टीकांची टाचणे काढत होता. १८६७ मध्ये तो त्यासाठी स्कॉटलंडलाही गेला. पण १६०७ च्या युक्लिडवर दोन नावे होती, लेगच्या खंडांच्या मुखपृष्ठावर एकच आहे.

२०१८ मध्ये व्हॅटिकन आणि पेकिंग यांच्यात बिशपांच्या नेमणुकीबाबत करार झाला, त्यावरही हल्ली तसेच भांडण चालते: कोणी म्हणते पोप शरण गेले, कोणी म्हणते चीनने मान राखली. नेमणूक कोणाच्या संमतीने, हा कांगशीच्या परवान्याचाच प्रश्न आहे, आणि सार्वभौम राज्याने तो विचारण्यात मला गैर वाटत नाही. पण परवाना देणाऱ्या कांगशीने आधी जेर्बियाँ आणि बूव्हे या जेझुइटांना रोज बोलावून स्वतः भूमिती शिकून घेतली होती. कराराचा मजकूर तर आजही जाहीर झालेला नाही. कुठल्या अटीवर कोणी काय मान्य केले हे चिनी कॅथलिकालाच माहीत नसेल, तर त्याच्या वतीने जिंकल्याचा दावा दोघांपैकी कोण करणार?